या जेवायला

"भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता," असं वाक्य अशा गोष्टींच्या सुरुवातीला हमखास असतं. मी ते लिहिणार नाही.

माझा होता. पहिल्यापासून होता.

नागपूरला आमच्या घरी तिन्हीसांजेला कोणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा नियम होता. मी तो कधी मोडला नाही. फक्त एकच गडबड झाली. अमेरिकेतली भुतं इंग्रजी बोलत असतील, असं मी धरून चालले होते.

तिथेच फसले.

तारीख सांगते. सोळा मार्च २००२, शनिवार. गाव बॉस्टन. हे सगळं माझ्याच बाबतीत झालंय, कोणाच्या मावसबहिणीच्या नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मी वाद घालत बसणार नाही.

मी नीलांबरी. तेव्हा बॉस्टनपासून बसने दहा-बारा तासांवर, हर्नडनला राहायचे. प्रोजेक्ट संपला होता आणि मी बेंचवर होते, म्हणजे नोकरी कागदावर आणि माणूस घरात. तेवढ्यात आमच्या कन्सल्टन्सीवाल्याने बॉस्टनचा इंटरव्ह्यू काढला, सोमवारी सकाळी. म्हणाला, शनिवारीच जा, तयारी कर, राहायची सोय मी केलीय.

सोय कसली? बॅकपॅकर्स हॉस्टेल!

कारण रविवारी सेंट पॅट्रिक्स डे, आयरिश लोकांचा मोठा सण. बॉस्टन म्हणजे अमेरिकेतलं आयरिश गाव. त्या वीकेंडला तिथे हॉटेलात खोली मिळत नाही. जगभरातली पोरंपोरी पाठीवर सॅक टाकून येतात, स्वस्तातल्या हॉस्टेलात आठ-आठ जण एका खोलीत पडतात आणि तीन दिवस पबमध्ये काढतात.

आई-बाबांना मी सांगितलं, ऑफिसच्या कामाला चाललेय, हॉटेलात उतरणार आहे. हर्नडनची माझी रूममेट निधी सोमवारशिवाय फोन करणार नव्हती. म्हणजे त्या शहरात मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. माझं काही बरंवाईट झालं असतं, तर सोमवारपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. बसमध्ये हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

हॉस्टेल एका जुन्या विटांच्या इमारतीत होतं. काउंटरवर मॉरीन नावाची जाडजूड बाई, पन्नाशीची, कानात हिरवे शॅमरॉक, म्हणजे आयरिश लोकांचं ते तीन पानांचं चिन्ह, लटकवलेले. तिने चादर दिली, लॉकर दाखवला. "किचन बेसमेंटमध्ये आहे, हनी. आपली भांडी आपण घासायची."

मी खाली गेले. दुपारची वेळ. सगळे बाहेर उंडारत होते. लांबलचक किचन, मधे टेबल, मागे लाँड्रीकडे जाणारा बोळ. मी भात लावला, आईने दिलेलं मेतकूट काढलं, वर लोणी घातलं आणि बसले.

पहिला घास घेतला, आणि मागच्या बोळातून...

फट्... फट्... फट्...

रबरी स्लीपरचा आवाज. आपल्याकडे माणूस घरात पाय ओढत चालतो ना, तसाच.

ताटावर बसलं आणि कोणी आलं, की आपल्या तोंडून काय निघतं? मान वर न करताच मी बोलून गेले.

"या जेवायला."

आणि मागून उत्तर आलं.

"होऊ द्या सावकाश."

मी आणखी एक घास खाल्ला.

खरंच खाल्ला. घरी कोणी असं म्हटलं तर आपण दचकतो का?

आणि मग माझा हात ताटातच थांबला.

मी बॉस्टनमध्ये होते.

मागे वळले... कोणी नाही.

पण मी घाबरले नाही हो. मला इतका आनंद झाला! इथे मराठी माणूस! उष्ट्या हाताने उठले आणि बोळात धावले. लाँड्रीच्या खोलीत एक ड्रायर गरगर फिरत होता. बाकी शुकशुकाट. मी ड्रायरचं दार उघडलं.

आत एकही कपडा नव्हता.

वर जाऊन मॉरीनला विचारलं, "अजून कोणी इंडियन उतरलंय का?"

"तू एकटीच, हनी."

मला वाटलं, कोणाच्या ओळखीने आलेला असेल. भेटेल संध्याकाळी.

संध्याकाळी आमच्या खोलीत धुमाकूळ होता. खालचा पलंग माझा, वरचा रिकामा. बाकीच्या पलंगांवर आयर्लंडच्या, ऑस्ट्रेलियाच्या पोरी. गालावर हिरवी चमकी, डोक्यावर हिरवे टोप. कॉर्कहून आलेली शिवॉन नावाची मुलगी फार गोड होती. माझ्या गळ्यात हिरव्या मण्यांची माळ घातली आणि म्हणाली, "तू येतेयस. नाही म्हणायचं नाही."

गेले. पबमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. फिडल वाजतंय, लोक टेबलावर चढून गातायत, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतायत. मी हातात कोक धरून भिंतीला चिकटून उभी. शिवॉन दोनदा येऊन बघून गेली, मग गर्दीत दिसेनाशी झाली. एक माणूस माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. तर तो माझ्या मागच्या बाईला हसत होता.

इतकं एकटं मला बेंचवर असताना रिकाम्या घरातसुद्धा वाटलं नव्हतं. रडू यायच्या आत मी तिथून निघाले.

हॉस्टेलात आले आणि सरळ किचनमध्ये गेले. दुपारचा भात उरला होता. वर रस्त्यावर गोंगाट, खाली फक्त ट्यूबलाइटची घरघर. ताट वाढून घेतलं.

खरं सांगू? मी वाट बघत होते.

आणि ते आलंच...

फट्... फट्... फट्...

बोळातून आलं. माझ्या मागून गेलं. टेबलाला वळसा घातला.

समोरची खुर्ची थोडी मागे सरकली.

खुर्चीवर कोणी नव्हतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी मी म्हणाले. ह्या वेळी मुद्दाम म्हणाले.

"या ना जेवायला. भात आहे."

मग समोरून, अगदी हळू, लाजल्यासारखं...

"होऊ द्या सावकाश."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई पळाली का नाही? मला तरी कुठे माहितीये! मला बरं वाटलं होतं. निधी रात्री उशिराच घरी यायची; कित्येक महिन्यांत मी जेवताना माझ्यासमोर कोणी बसलं नव्हतं. मी जेवत जेवत बोलायलाच लागले. प्रोजेक्ट कसा संपला, आईशी कसं खोटं बोलले, सोमवारी काय विचारतील, सगळं सांगत सुटले.

आणि समोरून बरोबर जागेवर हुंकार येत होता.

"हं."

"हं."

लहानपणी आजोबा गोष्ट सांगायचे आणि आम्ही हुंकार द्यायचो, तसा.

मधेच माझ्या डोक्यात आलं, आपणच मनाने ऐकतोय की काय? म्हणून मी एका वाक्याच्या मधेच थांबले. मुद्दाम. तोंड गच्च मिटून बसले.

ट्यूबलाइट घरघरत होती.

मी काहीच बोलले नाही.

आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीतून...

"मग?"

मी ताट तसंच टाकून पळाले. भांडी आपण घासायची, वगैरे सगळं गेलं खड्ड्यात. पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि रामरक्षा म्हणत पडून राहिले. पोरी केव्हा आल्या, मला कळलं नाही.

पहाटे पोटात दुखायला लागलं.

आधी वाटलं, गॅस झाला असेल, घाबरून झालं असेल. मग दुखणं उजवीकडे सरकलं आणि असं काही वाढलं की मी गुडघे पोटाशी घेऊन वळवळायला लागले. अंगात फणफणून ताप. ओरडायचं म्हटलं तर तोंडातून नुसता वारा निघे. मोबाइल लॉकरमध्ये, आणि लॉकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

सकाळी पोरी उठल्या. सेंट पॅट्रिक्सच्या परेडला जायची गडबड. शिवॉन माझ्यावर वाकली. माझे केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात कालची हिरवी माळ.

"काल जास्त झाली वाटतं?" ती हसली. "झोप तू. झोपलीस की उतरेल."

मला सांगायचं होतं, अगं बये, मी पीत नाही! मी फक्त कोक प्यायले!

जीभ हलली नाही.

तिने माझं पांघरूण नीट केलं. उशाशी पाण्याची बाटली ठेवली. उजेड नको म्हणून पडदा ओढला. सगळं मायेने केलं बिचारीने. आणि सगळ्या निघून गेल्या.

जिन्यावरचे आवाज खाली गेले. मोठं दार आपटलं.

मग काहीच नाही.

एवढ्या मोठ्या इमारतीत एक नळ वाजेना, एक दार करकरेना. लांब कुठेतरी परेडचे ढोल वाजत होते आणि मी त्या खोलीत मरत होते. मला ते स्वच्छ कळत होतं. वाईट मरणाचं नव्हतं वाटत. वाईट ह्याचं वाटत होतं, की संध्याकाळी त्या पोरी परत येतील आणि म्हणतील, अजून झोपलीय बघा.

तेवढ्यात वरचा पलंग करकरला...

वरच्या पलंगावर कोणीच नव्हतं. पण माझ्या डोळ्यांदेखत वरची जाळी खाली दबली. कोणीतरी उठून बसल्यासारखी.

मग जमिनीवर स्लीपर वाजल्या. माझ्या अगदी कानाशी.

फट्... फट्...

त्या दाराकडे गेल्या. आणि मग बाहेर, पॅसेजमध्ये, त्या पळायला लागल्या.

फट् फट् फट् फट्...

जिना उतरत गेल्या. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती हॉस्पिटलमध्ये. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो.

दोन दिवसांनी मॉरीन माझी बॅग घेऊन आली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुम्ही वर आलात म्हणून मी वाचले."

"मी कसली येतेय?" ती म्हणाली. "सेंट पॅट्रिक्सच्या दिवशी अर्धं हॉस्टेल पिऊन पडलेलं. कोणाला म्हणून उठवू? तुझ्या मित्राने मला पाठवलं."

"कुठल्या मित्राने?"

"तो बारीकसा मुलगा. चष्मेवाला. एवढ्या थंडीत पायात रबरी चपला. जिन्यात उभा होता. सारखं एकच म्हणत होता, 'ती पीत नाही. ती झोपलेली नाही.' चिडला होता गं फार. मी उठले, तेव्हा कुठे गप्प झाला."



"आणि अँब्युलन्स गेल्यावर परत आला होता," मॉरीन म्हणाली. "विचारत होता, तिला कुठे नेलं? मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. भेटायला आला नाही का?"

मी त्या रात्री नर्सला दिवा मालवू दिला नाही.

सोमवारी माझा फोन लागेना म्हणून निधीने इकडचे तिकडचे नंबर फिरवून बॉस्टनच्या महाराष्ट्र मंडळाला कळवलं होतं. मंडळाने हॉस्पिटलांत फोन करून मला शोधलं आणि तिथल्या सुलभाकाकू डबा घेऊन धावत आल्या. साठीच्या, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. आल्या आल्या मला झापलं, "मंडळाचा नंबर जवळ ठेवायला काय झालं होतं गं? आम्ही काय मेलो होतो?"

मग विचारलं, "उतरली कुठे होतीस?"

मी हॉस्टेलचं नाव सांगितलं.

काकूंच्या हातातला डबा तसाच राहिला.

"कन्सल्टन्सीवाल्याने ठेवलं होतं?"

"हो."

काकू खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी ह्याच परेडला एक मुलगा तिथे गेला. मोरेश्वर. मिरजेचा. असाच इंटरव्ह्यूला आला होता. शुक्रवारी रात्री हार्ट अटॅक. एवढंसं वय गं! आणि सोमवारपर्यंत कोणाला पत्ता नाही."

"आठ जणांच्या खोलीत?"

"आठ जणांच्या खोलीत. शनिवारभर पडून. रविवारभर पडून. पोरं येत होती, जात होती. सगळ्यांना वाटलं, पिऊन पडलाय. एकाने तर डोळ्यांवर उजेड नको म्हणून त्याच्या तोंडावर हिरवी टोपी ठेवली होती. चांगल्या मनाने हो! काय बोलायचं त्यांना?" काकूंनी डोळे पुसले. "चहाच्या पलीकडे कशाला शिवत नव्हता तो पोरगा. आमच्या यांनी आणि मंडळातल्या लोकांनीच त्याला घरी पाठवायची सोय केली."

मॉरीन त्या हॉस्टेलात नोकरीला लागली होती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

मी काकूंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ताप होता, भास झाला, असंही म्हणाल्या नाहीत.

इंटरव्ह्यू बुडाला तो बुडालाच. डिस्चार्ज मिळाल्यावर काकूंनी मला घरी नेलं. एका रविवारी त्यांनी मिरजेला फोन लावला, मोरेश्वरच्या आईला. सुमित्रामावशी. अधूनमधून लावायच्या त्या. थोडं बोलल्या आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तूच सांग. आईला कळायला पाहिजे."

मी सांगितलं. कसं सांगितलं, मला माहीत नाही. किचन, स्लीपर, हुंकार, जिना, सगळं.

मग मावशींनी विचारलं, "जेवायला ये म्हणालीस त्याला?"

"हो मावशी."

"मग? बसला पानावर?"

"नाही. होऊ द्या सावकाश म्हणाले."

"कितीदा विचारलंस?"

"दोनदा."

मग मावशी ज्या आवाजात बोलल्या, तो अजून माझ्या कानात आहे.

"लाजरा होता गं मोरू. शेजारी गेला तरी तसाच. दोनदा नाही म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हटलं की गुपचूप पानावर बसायचा. अजून एकदा म्हणायचं होतंस गं बाई. उपाशी असेल तो."

मी रडत होते. म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की म्हणेन."

तसं वचन तर देऊन बसले.

आता २००८ चालू आहे. मी हर्नडनजवळच, अ‍ॅशबर्नला असते, नोकरी चांगली आहे, घर आहे. बॉस्टनला परत कधी गेले नाही. ते हॉस्टेलही आता राहिलं नाही म्हणे.

पण त्याला हॉस्पिटलचं नाव कळलं होतं. तिथून काकूंचं घर. तिथून मी.

रोज नाही. कधीतरी. मी एकटी जेवायला बसले असले आणि घर अगदी शांत असलं की...

फट्... फट्... फट्...

मागून येतात. टेबलाला वळसा घालतात. समोरची खुर्ची जराशी सरकते. मग काही नाही. मला कधी त्रास दिला नाही, कधी घाबरवलं नाही. तो फक्त बसतो.

आणि मी मान खाली घालून भराभरा जेवून उठते.

दोन शब्द तर म्हणायचेत! ज्याने माझा जीव वाचवला, त्याला दोन शब्द म्हणायला माझी जीभ उचलत नाही. भीती वाटते मला. तिसऱ्यांदा म्हटलं आणि तो जेवायला लागला, तर मला काय दिसेल? आणि जेवून झाल्यावर तो जाईल, की राहील? तो गेला तर बरं वाटेल की वाईट, तेही मला धड सांगता येत नाही.

सुमित्रामावशी दर मार्चमध्ये फोन करतात. ह्या वर्षीही केला. मी नेमकी ताटावर होते. आता त्यांना ऐकायला कमी येतं, मोठ्याने बोलावं लागतं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग नेहमीचा प्रश्न आला.

"आला होता का गं मोरू?"

समोरची खुर्ची सरकलेली होती.

"नाही, मावशी," मी म्हणाले. दर वर्षी म्हणते तसंच; हो म्हटलं तर त्या विचारतील, जेवला का? मोठ्याने म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून.

ते त्यालाही ऐकू गेलं असणार.

"बरं," मावशी म्हणाल्या. "जेव तू."